किंमत कुणी दिली

रविवारी मटण शिजत असलं की आमच्या घरात कुणी कुणाशी भांडत नसे. बर्मिंगहॅमच्या त्या अरुंद घरात स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं, पण आईनं कांदा-खोबरं भाजायला घेतलं की वास जिन्यावरून थेट माझ्या खोलीत यायचा. मग अभ्यासात लक्ष लागणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी खाटकाला आई हाडं किती आणि मांस किती हे हातवारे करून सांगायची. दोन-तीन महिन्यांत तो तिला बघितल्याबरोबर सुरा बदलायला लागला. बाजरीचं पीठ गुजराती दुकानातून यायचं, जरा कडवट असायचं, आणि भाकरी थापताना आई दर वेळी पुटपुटायची की नगरला असलं पीठ गुरांनीसुद्धा खाल्लं नसतं. बाहेर बस थांब्यावर येऊन उसासा टाकायची, भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याचा टीव्ही चालू असायचा, आणि पुढच्या खोलीत पप्पा पेटीवर दुपारच्या उपासनेची गीतं बसवत असायचे. त्या आवाजांत मी सतरा वर्षांची झाले. आज माझं वय तेव्हाच्या आईएवढं आहे. त्या घराची आठवण काढली की आधी तो खोबऱ्याचा वास येतो.

आई नर्स होती. इंग्लंडला नर्सेस हव्या होत्या, म्हणून ती आधी एकटी आली आणि वर्षभरानं पप्पा आणि मी. वृद्धांच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये तिला नोकरी होती. वर्क परमिट त्या होमच्या नावावर होतं, म्हणजे नोकरी गेली तर परमिट गेलं, आणि परमिट गेलं तर आम्ही तिघंही. ठरलेली वर्षं सलग काम झालं की कायम राहण्याची परवानगी मिळणार होती. आमच्या घरात बाकी सगळं ‘परवानगी मिळाल्यावर’ करायचं होतं. माझं युनिव्हर्सिटीचं शिक्षण, नवा सोफा, आजीला बोलावणं, सगळंच.

पप्पा नगरला शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचे. इथे ते एका गोदामात खोकी चढवायचे. पाठीला पट्टा बांधून घरी यायचे आणि त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. पण महिन्यातून दोन रविवारी, एका चर्चचा मागचा हॉल भाड्यानं घेऊन आमची मराठी मंडळी जमायची, आणि तिथे पप्पा पुन्हा मास्तर व्हायचे. पंचवीस-तीस माणसं असायची, बहुतेक नर्सेस आणि त्यांचे नवरे. आम्हाला वेगळा पाळक नव्हता, संदेश पप्पाच द्यायचे. ते फार सुंदर बोलायचे. येशूच्या मागे चालायचं म्हणजे काय, त्याला काय मोजावं लागतं, हा त्यांचा आवडता विषय. त्यात त्यांच्या आजोबांची गोष्ट हमखास यायची. आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर गावानं त्यांचं काम बंद केलं, भावकीनं मयताला येणं सोडलं, आणि तरी ते डगमगले नाहीत. मी ती इतक्यांदा ऐकली होती की आता पप्पा कुठे थांबतील आणि कुठे चष्मा काढतील, हे मला पाठ होतं. त्या गोष्टीत किंमत नेहमी आजोबांनी दिलेली असायची, आणि ऐकून झाल्यावर आम्ही सगळे चहा आणि चकल्या घ्यायला उठायचो.

या मंडळीत आईची सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणजे सुशीलामावशी. ती मिरजेची, आईच्याच होममध्ये काम करणारी. तिचा नवरा वारला होता आणि मुलगा अमोल मिरजेत तिच्या आईजवळ होता. तिचं इथलं रजिस्ट्रेशन अजून व्हायचं होतं. बाहेरून आलेल्या नर्सला तेव्हा काही महिने देखरेखीखाली काम करावं लागे, ते पुरं झालं की ती इथली नर्स. ते पुरं व्हायला थोडेच आठवडे उरले होते. मग ती अमोलला आणणार होती. त्याच्यासाठी घेतलेला निळा हिवाळी कोट आमच्याच कपाटात टांगलेला होता, कारण तिच्या भाड्याच्या खोलीत कपाट नव्हतं. सुशीलामावशी मोठ्यानं हसायची, मोठ्यानं गायची आणि मला ‘मॅडम’ म्हणायची. आई हसायची, तीही बहुतेक मावशी आली की.

त्या हिवाळ्यात आईचं जेवण कमी झालं. मला वाटलं थकली असेल. मग एका शनिवारी सकाळी, पप्पा आणि मी उपीट खात होतो तेव्हा, आईनं बशी बाजूला सरकवली आणि सांगायला लागली. होममध्ये मॅनेजर बदलली होती. संध्याकाळच्या पाळीला माणसं कमी केली होती. आणि रात्री चादरी बदलाव्या लागू नयेत म्हणून दुपारच्या चहानंतर म्हाताऱ्यांना पाणी द्यायचं नाही, असं तोंडी सांगितलं होतं. ज्यांना बोलता येत होतं ते मागून मागून थकायचे. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांचं कुणाला कळतच नव्हतं. ईडी नावाची एक आजी होती, मुलंबाळं नसलेली, आयुष्यभर शिवणकाम केलेली. आदल्या संध्याकाळी आई ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होती, तर ईडीनं फडकं दातांत धरलं आणि चोखायला लागली. सोडेचना. आईनं तिला पाणी पाजलं, तर मॅनेजरनं सगळ्यांसमोर आईला सुनावलं.

“मी कंप्लेंट करणार आहे,” आई म्हणाली. “तपासणी करणारं सरकारी ऑफिस आहे. त्यांना.”

पप्पांनी चमचा खाली ठेवला. ते चिडले नाहीत, उलट फार समजुतीनं बोलले. कायमच्या परवानगीला आता थोडेच महिने राहिलेत, तेवढे जाऊ दे, मग हवं ते कर. मग तुला कुणी हात लावू शकणार नाही. तोवर आपल्या पाळीत होईल तेवढं कर, प्रार्थना कर. एस्तेरचं, म्हणजे माझं, शाळेचं वर्ष महत्त्वाचं आहे. असं बरंच. शेवटी म्हणाले, “विमल, आपण इथे पाहुणे आहोत.”

“मी पाहुणी नाही,” आई म्हणाली. “मी तिथे नर्स आहे.”

मग ती उठून भांडी घासायला लागली. मी मनात पप्पांच्या बाजूनं होते, हे सांगून टाकते. सतरा वर्षांच्या मुलीला ईडी कोण?

दुसऱ्या दिवशी उपासना होती. पप्पांनी संदेश आधीच तयार केला होता, आणि विषय नेहमीचाच, वधस्तंभ उचलून मागे चालण्याचा. मला आठवतं, हॉलचा हीटर बंद होता आणि सगळे कोट घालून बसले होते. पप्पा आजोबांच्या गोष्टीपर्यंत आले, आणि पहिल्यांदाच त्यांचा सूर चुकला. चष्मा काढायच्या ठिकाणी त्यांनी तो काढला नाही. आई पुढच्या रांगेत सुशीलामावशीच्या शेजारी बसली होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती. पप्पांनी संदेश लवकर आटपला. घरी आल्यावर आई कांदा चिरायला बसली आणि पाठमोरीच म्हणाली, “अहो, आज जे बोललात ते कुणासाठी होतं?” त्या रविवारी मटण तसंच उरलं.

सोमवारी मला हाफ टर्मची सुट्टी होती. पप्पा कामावर गेले होते. आईनं युनिफॉर्म बादलीत भिजवला, हात पुसले, आणि जिन्याखालच्या फोनजवळ स्टूल घेऊन बसली. मग मला हाक मारली आणि विचारलं, “तहान लागलीय हे माहीत असून मुद्दाम पाणी देत नाहीत, याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं? एका शब्दात?” मी म्हटलं, विदहोल्ड. तिनं तो शब्द दोन-तीनदा घोळवून पाहिला. मग नंबर फिरवला. फोनवरचं तिचं इंग्लिश मी जिन्यात बसून ऐकलं. व्याकरण सगळीकडे सांडत होतं, पण ती थांबली नाही. स्वतःचं नाव सांगू नका, असं पलीकडची बाई सुचवत असावी, कारण आई म्हणाली, “नो, नो. माय नेम आय विल गिव्ह.” आणि तिनं स्पेलिंगसकट नाव सांगितलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. तपासणीला माणसं न सांगता आली. त्यांनी पाहायचं ते पाहिलं. आईला आधी घरी बसवलं, मग भलतंच कारण दाखवून काढून टाकलं. पण तपासणी थांबली नाही, आणि महिन्याभरात ते होमच बंद करायचा हुकूम निघाला. म्हाताऱ्यांना वेगवेगळ्या गावांतल्या होममध्ये हलवलं. ईडीला पाणी मिळालं असणार, पण ती अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांत गेली आणि काही आठवड्यांतच वारली. हे आईला एका जुन्या सफाईवालीकडून रस्त्यात कळलं. ती घरी आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसून राहिली. आम्हा तिघांना वाटलं होतं की किंमत मोजायची ती आपण मोजू. पप्पांची भीतीसुद्धा तेवढ्यापुरतीच होती. होम बंद झालं तर तिथल्या बाकी नर्सेसचं काय होईल, हा विचार आईच्या मनात आला होता की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण त्याचं उत्तर मला लवकरच ऐकायला मिळालं.

सुशीलामावशी एका दुपारी आली. नेहमी ती मागच्या दारानं यायची, त्या दिवशी तिनं पुढची बेल वाजवली. सोफ्याच्या कडेवर बसली. आईनं चहा ठेवला, तिनं कपाला हात लावला नाही. तिचं देखरेखीखालचं काम अर्धवट राहिलं होतं. ते पुरं झाल्याशिवाय ती इथली नर्स नाही, आणि नर्स नाही म्हणून दुसरं होम परमिट काढायला तयार नाही. दिवसभर फोन करकरून तिचा घसा बसला होता. पप्पा पेटीपाशी उभे होते. मी दारात.

“तुला माहीत होतं माझं किती राहिलंय ते,” मावशी म्हणाली. “मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

मावशीचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं. ती म्हणाली, “मी एप्रनच्या खिशात झाकणाचा कप ठेवायचे, विमल. मॅनेजरची पाठ वळली की एकेकाला पाजायचे. माझ्या शिफ्टला कुणी तहानलेलं झोपलं नाही.”

“आणि तुझी शिफ्ट संपल्यावर?” आईनं विचारलं.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल. पण तिनं फक्त पर्स उचलली आणि मला म्हणाली, “एस्तेर, तो कोट दे गं.” त्यानंतरच्या महिन्यात तिनं कुठेकुठे अर्ज केले, आणि शेवटी तिकीट काढलं. मंडळीतले लोक तिला सोडायला विमानतळावर गेले. आम्हाला कुणी दिवस सांगितला नाही.

मंडळीत आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही. सलाम घालायचे, कशी आहेस विचारायचे. पण चहाच्या वेळी आमच्याभोवती जागा मोकळी राहायला लागली. होममधल्या आणखी दोन नर्सेस दुसऱ्या शहरात कमी पगारावर गेल्या होत्या, त्यांचे नवरे कुणाकुणाचे मित्र होते. पुढच्या वेळी संदेश कोण देणार, हा प्रश्न आला तेव्हा पप्पांनी स्वतःच सांगितलं की माझा घसा ठीक नाही. घसा ठीक होता. पेटी त्यांनी चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. घरात कुणी आवाज चढवला नाही, पण पप्पा आणि आई एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. ‘पप्पांना सांग भात झालाय.’ ‘आईला विचार बिल भरलं का.’ मला दोघांचाही राग येत होता, आणि सगळ्यात जास्त येशूचा येत होता. त्याच्या मागे आई चालली होती तर मिरजेला सुशीलामावशी का गेली, याचा हिशेब मला लागत नव्हता. अजून पुरता लागलेला नाही.

परमिट गेल्यावर मिळालेली मुदत संपता संपता आईला नोकरी मिळाली, खूप वर, उत्तरेतल्या समुद्रकाठच्या एका लहान गावात. तिथल्या होमला नर्स मिळतच नव्हती. माझं शाळेचं वर्ष अर्ध्यात सोडून आम्ही गेलो. वारा इतका की दोरीवरचे कपडे शेजारच्या अंगणात सापडायचे. गावात आमच्यासारखं कुणी नव्हतं, भाकरीचं पीठ नव्हतं, मटणाला आपला वास नव्हता. पप्पा मासळीच्या फॅक्टरीत लागले. रविवारी आम्ही तिथल्या छोट्या इंग्लिश चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसायचो.

दुसऱ्या वर्षी, मधल्या खंडामुळे लांबलेली कायमची परवानगी आम्हाला मिळाली. पुढच्या रविवारी तिथल्या पाद्रीबाईंनी कुणाला काही साक्ष द्यायची आहे का, असं विचारलं, आणि माझ्या शेजारून पप्पा उठले. मला वाटलं आभार मानतील. पण त्यांनी त्यांच्या मास्तरी इंग्लिशमध्ये, अगदी थोडक्यात, होमची हकिकत सांगितली. म्हणाले, मी तीस माणसांना किंमत मोजायला शिकवत होतो, आणि बायको मोजायला निघाली तेव्हा मी तिला थांब म्हणालो. एवढं बोलून ते बसले. सगळं चर्च रडवेलं झालं. नंतर कॉफीच्या वेळी एकेक बाई येऊन आईचा हात हातात घेऊन म्हणायला लागली की तुम्ही किती धीराच्या आहात. आईचा चेहरा दगडासारखा झाला होता. घरी चालत येताना ती बोलली, कित्येक महिन्यांनी थेट पप्पांशी.

“हे लोक रडले त्याचा सुशीलाला काय उपयोग?”

पप्पा म्हणाले, “काहीच नाही.”

“मग तिच्यासमोर जाऊन बोलायला पाहिजे. तुम्हीही, मीही.”

त्या हिवाळ्यात आम्ही भारतात गेलो. आई आधी नगरला न जाता मिरजेला जायचं म्हणाली. सुशीलामावशी एका खाजगी दवाखान्यात कामाला होती, बाजारामागच्या दोन खोल्यांत राहत होती. फोन करून वेळ मागितली तेव्हा तिनं फक्त ‘या’ एवढंच म्हटलं होतं. दार अमोलनं उघडलं. उंच झाला होता, मिसरूड फुटलं होतं, आणि आम्ही कोण हे त्याला ठाऊक असल्यासारखा बाजूला झाला. मावशी बारीक झाली होती. पप्पांनी आधी बोलायचं ठरलं होतं, पण त्यांना शब्दच सुचेनात. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून शब्द वाहत होते ते पप्पा नुसते हात जोडून बसून राहिले. मग आई म्हणाली, “सुशीला, तुला विचारायला हवं होतं. कंप्लेंटचा फोन केलाच असता मी, तरी विचारायला हवं होतं.”

मावशी पोळपाटाकडे बघत म्हणाली, “तू केलंस ते बरोबर होतं, विमल. मला तेव्हाही माहीत होतं. आणि माझं वाटोळं झालं. दोन्ही खरं आहे. एक धरून दुसरं सोडू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.”

आईनं मान हलवली. कुणी कुणाला मिठी मारली नाही. मावशीनं पानं वाढायला घेतली. तिनं आमच्यासाठी मटण केलं होतं आणि ज्वारीच्या भाकऱ्या. सगळे बसल्यावर तिनं आईला प्रार्थना करायला सांगितलं. आईनं डोळे मिटले, ओठ उघडले, पण आवाज आला नाही. आम्ही वाट पाहिली. स्टोव्हवरची कढई चटचटत होती. शेवटी मावशीनंच सुरुवात केली, नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात. अन्नासाठी आभार मानले, प्रवासासाठी मानले, अमोलच्या परीक्षेसाठी मागितलं, आणि मग जराशी थांबून ईडीचं नाव घेतलं. तिला ते नाव अजून आठवत होतं. आमेन अमोलनं म्हटलं, पप्पांनी म्हटलं, मीही म्हटलं. आईचं आमेन फार उशिरा आलं, आणि ते येईपर्यंत मावशीनं कुणालाही भाकरी मोडू दिली नाही.